ए शिफ्टचा पाऊस

बाबांच्या सात वह्या मोनालीनं जानेवारीत नेल्या होत्या. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला. "ताई, वह्या घेऊन येते. बाकी भेटूनच बोलते." मी शाळेच्या ग्रंथालयात काम करते. पुस्तकाचं पान फाटलेलं असलं की मुलं ते ज्या आवाजात परत करतात, तो आवाज मला कळतो.

बाबा, म्हणजे देवीदास कापगते, स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनला, म्हणजे कोळशाच्या भट्ट्यांवर होते. साकोलीजवळच्या गावातून बाविसाव्या वर्षी भिलाईला आले आणि साठाव्या वर्षी रिटायर झाले. १९८२च्या जूनमध्ये, बदली होऊन निघालेल्या एका इंजिनियरनं जाताना आपलं पाऊस मोजायचं यंत्र बाबांना दिलं. एक नरसाळं, त्याखाली बाटली आणि मिलिमीटरच्या रेघांची काचेची नळी, एवढाच त्याचा संसार. बाबांनी ते सेक्टर २च्या आमच्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात, भिंतीपासून दूर, विटांच्या ओट्यावर बसवलं. रोज सकाळी साडेआठ वाजता बाटलीतलं पाणी नळीत ओतून मोजायचं आणि वहीत लिहायचं. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, कुठल्या खात्याला हे आकडे जात नव्हते. शेजारचे देवाजीकाका विचारायचे, "कापगते, किती छापला आज?" बाबा आकडा सांगायचे, दशांशासकट.

पुढं क्वार्टर लीजवर मिळालं, त्यामुळं रिटायर झाल्यावरही ते यंत्र जागचं हललं नाही. गेल्या डिसेंबरात बाबा गेले. तेराव्याला दुर्गहून आईच्या ओळखीतले लोक आले, त्यात मोनाली होती. तिचे वडील रेल्वेत गार्ड, मूळचे गोंदियाचे. पंगतीनंतर हात धुवायला ती मागं गेली आणि बराच वेळ आलीच नाही. शेवटी मी बघायला गेले, तर ओट्यापुढं उकिडवी बसलेली.

"ताई, ये किसका है? म्हणजे कोण वापरते हे?"

मी वह्या दाखवल्या. तिनं पहिली वही मांडीवर घेतली आणि पानं न उलटता नुसता त्यावर हात ठेवला. ती रायपूरच्या एका संस्थेत संशोधन करत होती. शिवनाथ नदीच्या खोऱ्यात चाळीस वर्षांत पाऊस कसा बदलला, दुष्काळ पडण्याची रीत बदलली का, हा तिचा विषय. सरकारी केंद्रं थोडी, त्यातही मध्येच वर्षंच्या वर्षं कोरी. आणि इथं साडेबेचाळीस वर्षं, एका जागेवर, एका हाताची. एकही दिवस रिकामा नाही.

त्या दिवसांत मला कुणी काय बोललं ते फारसं आठवत नाही. पण ती म्हणाली, "हे छापून येईल, ताई," ते आठवतं. बाबांचे शर्ट देऊन टाकले, चष्मा दिला, औषधं फेकली. वह्यांचं काय करायचं ते कळत नव्हतं, आणि आता कळलं होतं.

तर एप्रिलमध्ये मोनाली आली. मी वैशालीनगरच्या माझ्या घरून सकाळीच आईकडं येऊन बसले होते. आई अंगणात जुन्या साडीवर मुगवड्या घालत होती. मोनालीनं वह्यांची पिशवी दिवाणावर ठेवली, पाणी प्यायली आणि लॅपटॉप उघडला.

"ताई, प्रॉब्लेम आहे. माझे गाईड सर म्हणून राहिले की हे स्टेशन, म्हणजे या वह्यांतले आकडे, काढून टाक."

तिनं पडद्यावर आलेखाची रेघ दाखवली. ज्या दिवशी एक मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस तो कोरडा दिवस, असं धरून तिनं दर वर्षीचे पावसाचे दिवस मोजले होते. आजूबाजूच्या सगळ्या केंद्रांवर ते दिवस हळूहळू कमी होत गेलेले. आमच्याकडं ते २०११पर्यंत कमी होत गेले, आणि मग एकदम वर्षाला तीन दिवसांनी वर चढले.

"ऐसा होता नहीं. यंत्र हललं असेल, झाड तोडलं असेल, घर बदललं असेल, तर अशी उडी येते. तुमच्याकडं काहीच बदललं नाही म्हणता."

"नाही बदललं."

"मग..." ती थांबली. मुलगी चांगली होती, तिला पुढचं बोलायचं नव्हतं. मीच विचारलं, "मग सर काय म्हणतात?"

"सर म्हणतात, २०११च्या आधी आजोबांना वेळ नसेल. काही दिवस न मोजताच शून्य लिहून दिलं असेल. लोक करतात, ताई. सरकारी माणसंबी करतात. महिन्याच्या शेवटी स्टेशनांची यादी पक्की होते आहे. तोवर काही कारण सापडलं तर बघू म्हणाले."

दहावीत असताना एकदा बाबांना ताप होता म्हणून मी मोजायला गेले होते. नळी तिरपी धरली, आणि वहीत 'अंदाजे १४' लिहिलं. बाबांनी तापात उठून ते पान बघितलं. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "रेणू, अंदाजे पाऊस पडत नसते." तो माणूस न बघता शून्य लिहील, हे मला पटणं शक्य नव्हतं. पण पटत नाही हे कारण होत नाही, एवढं मलाही कळत होतं. २०११ हे त्यांचं रिटायर व्हायचं वर्ष होतं, आणि ते मला सरांच्या बाजूचं वाटत होतं.

"मला ते दिवस दाखव," मी म्हटलं. "रेघ नको. दिवस."

तिनं कागद काढले. सिव्हिक सेंटरला प्रिंट काढून आणलेले, अजून कडक होते. जून ते सप्टेंबर, वर्षामागून वर्ष, रोजचा आकडा. मी पेन्सिल घेतली आणि जिथं दोन मिलिमीटरच्या आतला पाऊस लिहिलेला, तिथं टिंब देत गेले. १९९४ घेतलं. टिंबं सगळीकडं विखुरलेली, मग मध्येच सात दिवस एकही नाही. मग दोन आठवडे टिंबं. मग परत सात दिवस कोरं. मोठा पाऊस त्या सात दिवसांतही होता, तेवीस, चाळीस, साडेआठ. बारीकच तेवढा नव्हता.

१९९५, तेच. १९९६ला एका ठिकाणी साखळी तुटली, पण पुढं परत जुळली. सात दिवस सोडून चौदा. सात सोडून चौदा.

मोनाली माझ्या खांद्यावरून बघत होती. "तीन हप्त्यांचं चक्कर? ताई, निसर्गात एकवीस दिवसांचं असं काही नसते."

"निसर्गात नसतं," मी म्हटलं. "प्लांटात असतं."

हे तिला समजावून सांगावं लागलं, कारण ती रेल्वेची. माझं आणि भावाचं सगळं लहानपण त्या चक्रावर गेलं. सी शिफ्टच्या आठवड्यात बाबा दिवसा झोपायचे, म्हणून आम्ही कुजबुजत खेळायचो. बी शिफ्टच्या आठवड्यात ते दुपारी दीडला डबा घेऊन निघायचे आणि शाळेतून आलो की घरात नसायचे. ए शिफ्ट सकाळी सहाची. तेव्हा पाच वाजताच सायकल बाहेर निघायची, आणि सकाळी साडेआठ वाजता बाबा कोक ओव्हनच्या धगीपुढं असायचे. रजा घेतली किंवा कोणाशी शिफ्ट बदलली तरच साखळी तुटायची.

"मग ए शिफ्टला साडेआठला कोण मोजायचं?" मोनालीनं विचारलं.

दोघींनी एकदमच अंगणाकडं बघितलं. आई साडीच्या टोकाशी आली होती आणि शेवटच्या वड्या चिमटीतून सोडत होती.

मी बाहेर जाऊन तिच्याजवळ बसले. "आई, बाबा ए शिफ्टला असले की पाऊस कोण मोजे?"

"मी मोजो. आन् कोन मोजन? तुमी दोघं त शाळेत." ती वर न बघता म्हणाली. "मोजो, आन् पाटीवर लिहून ठेवो. ते आले का वहीत उतरवत. माह्या अक्षरात वही खराब होते म्हनत."

म्हणून हात एकच होता. २०११पर्यंतच्या वह्यांतला तिसरा हिस्सा आईचा होता, आणि एवढी वर्षं मी त्या वह्या बघत आले, मला ते सुचलं नव्हतं.

"रोज मोजत होतीस?"

"रोज."

"थोडासा पाऊस असला तरी?"

आता तिनं मान वर केली. मोनाली दारात उभी होती, तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "थोडासा म्हंजे?"

"म्हणजे... एखादी रेघ."

"एका रेघेले काय पानी म्हनते का व?" आई म्हणाली. "वळचनीतून धार नाही लागली, जमिनीवरची धूळ नाही बसली, त्याले पानी म्हनाचं? दोन मोठ्या रेघा भरल्या त लिहो. नाही भरल्या त कढीपत्त्याले टाको आन् पाटीवर भोपळा. माह्या बापाच्या इथं असं शिंतडलं त कोनी औत बी सोडत नव्हतं."

मोनाली मटकन उंबऱ्यावर बसली. "आजी! म्हणजे तुम्ही दोनच्या खालचं सगळं फेकून दिलं? हर बार?"

"हर बार. आपला हिशेब एकच."

"आजी, ये तो सिस्टिमॅटिक एरर है!"

"काय म्हनते व ही?"

"चूक केली, पण शिस्तीत केली, असं म्हणते."

"मंग? शिस्तीतच केली," आई म्हणाली, आणि हात झटकून उठली. "चहा ठेवतो. पोरगी उन्हातून आली."

मोनालीला चहाचं भान नव्हतं. ती आत लॅपटॉपवर वाकली होती. "ताई, थांबा. उडी कुठून आली ते कळलं. आजोबा रिटायर झाले, आजीचं मोजणं बंद झालं, बारीक पाऊस वहीत यायला लागला. बरोबर? पण दोनच्या वरचं सगळं बरोबर आहे. मग मी एकची रेघ कशाला पकडून बसू? हवामान खात्याचा नियम अलग आहे. 'पावसाचा दिवस' म्हणजे अडीच मिलिमीटर आणि त्याच्या वर. त्यानं मोजते."

आई कप घेऊन आली. "किती म्हनते?"

"अडीच, आजी."

"अडीचच्या खाली पानी पडलं त?"

"तर तो पावसाचा दिवस नाही धरत."

"कोन नाही धरत?"

"सरकार."

आईनं कप खाली ठेवला. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही असा तिचा प्रयत्न होता, पण तो जमला नाही. "मी त दोनवरच सोडो," ती म्हणाली. "सरकार माह्याहून कंजूस हाय बाप्पा."

मी हसले. बाबा गेल्यानंतर त्या घरात मोठ्यानं हसले ते पहिल्यांदाच, आणि ते मला हसून झाल्यावर कळलं.

नवी रेघ आली तेव्हा उडी नव्हती. पावसाचे दिवस एका चालीनं कमी होत गेलेले, शेजारच्या केंद्रांसारखेच. मोनालीनं आईला समजावून सांगितलं. वर्षभराचं एकूण पाणी फारसं बदललं नाही, पण ते कमी दिवसांत पडून जातं. सुरुवातीच्या दहा वर्षांत पावसाचे सरासरी साठ दिवस होते, आता त्रेपन्न. मधली उघाडी लांबत चालली आहे, जास्त करून ऑगस्टमध्ये.

"म्हंजे धान निसवाच्या, लोंब्या निंघाच्या आधी," आई म्हणाली. "बेरीज पुरी हाय, आन् वावर सुकलेलं. ते मोठ्या बेरजेत नाही दिसत."

"हेच तर आजी, हेच मला लिहायचं आहे. म्हणूनच तर रोजचे आकडे पाहिजेत."

तिनं तिथूनच सरांना फोन लावला. अंगणात फेऱ्या मारत, वड्यांना वळसा घालत, अर्धं इंग्रजी अर्धं हिंदी बोलत राहिली. "नहीं सर, शिफ्ट. शिफ्ट ड्यूटी. उनकी वाइफ... हां सर, टू मिलिमीटर, कन्सिस्टंटली." बऱ्याच वेळानं आत आली. "घेतो म्हणाले. पण एक पान पाहिजे. या स्टेशनचा इतिहास. यंत्र कोणतं, कुठं, कोण मोजत होतं, कधी, कसं. आणि आजीचं सगळं लिहून. घरच्यांची सही."

मी कोरा कागद ओढला, आणि आई म्हणाली, "नाही."

"काय नाही?"

"माहं नाही लिहाचं. सात वह्या त्याहीच्या हातच्या हायेत. एवढं केलं त्या मानसानं, आन् आता छापून येनार त त्यात बायकोनं पानी फेकलं म्हनून येनार? लोक म्हनन, बुढा गेला आन् बुढीनं त्याचं नाव घालवलं."

"आजी, नाव नाही जात..."

"तू थांब पोरी. तुले नाही समजत."

आई दिवाणावर बसली आणि पदरानं हाताचं सुकलेलं पीठ खरडत राहिली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "त्याहीले माहीत नव्हतं."

"कधीच नाही सांगितलं?"

"सांगनारच होती. त्याहीनं एक डाव विचारलं, रुक्मा, तुह्या हप्त्यात रिमझिम कावून नाही पडत व? मी म्हनलं, माह्या हप्त्यात पडते त चांगलं पडते. ते हासले. मंग म्हनलं, सांगू कवातरी. मंग ते रिटायर झाले, सोताच मोजाले लागले. गरजच नाही पडली." ती परत हाताचं पीठ खरडायला लागली. "आता त्याहीच्या माघारी सांगू?"

मी खरं होतं तेवढं सांगितलं. "आई, मोनालीच्या सरांना वाटलं होतं, बाबांनी न बघताच शून्य लिहिलं."

आईचा हात थांबला. "कोनाले वाटलं?"

"सरांना."

"न बघता? त्याहीनं?" तिचा आवाज चढला. "पायाले पोळलं होतं तवा, दोन महिने लंगडत जात, पन साडेआठले अंगनात. माह्या पाटीवरचं बी दोन दोन डाव विचारत, बराबर बघतलं का म्हनून. आन् त्याहीनं न बघता लिहिलं?"

"हे पान नसलं तर वही तसंच म्हणेल."

मोनाली खिडकीबाहेर बघत होती. आईनं पदर सारखा केला, उठून देवघरापाशी गेली, तिथं काही न करता परत आली आणि माझ्या समोर खुर्ची ओढून बसली. "लिह."

मी लिहायला लागले. यंत्राची जागा लिहिली. सुरुवातीची तारीख लिहिली. 'मोजणारे' असं लिहून थांबले.

"देवीदास चंपत कापगते," आई म्हणाली. "आन् ए शिफ्टले, त्याहीची बायको."

"नाव?"

"बायको लिहिलं त समजते."

"आजी, नाव लिहावं लागते," मोनाली म्हणाली. "मेरे पेपर में 'बायको' नाही चालत."

"मंग लिह. रुक्माबाई."

"रुक्माबाई देवीदास कापगते," मी लिहिलं. वर्षं लिहिली, १९८२ ते २०११, दर तिसरा आठवडा. दोन मिलिमीटरखालचा पाऊस शून्य धरला, कारण त्यांच्या समजुतीनुसार तो पाऊस नव्हे. शून्याचा निर्णय त्यांचा, देवीदास यांना कल्पना नव्हती. हे वाक्य लिहिताना आई कागदाकडं वाकून बघत होती. चौथीपर्यंत शिकलेली आहे, सावकाश वाचते. वाचून झाल्यावर तिनं मान हलवली.

मग मी सगळं पान मोठ्यानं वाचून दाखवलं. 'रोज सकाळी साडेआठ वाजता' इथं आल्यावर तिनं हात वर केला.

"साडेआठ नोको लिहू."

मोनालीनं डोळे मिटले. "आजी, आता आणखी काय?"

"ते साडेआठले मोजत. मी नाही. साडेआठले नळ जाये. माहे भांडे भराचे राहत. मी आठ पंचवीसले मोजून मोकळी होवो." ती माझ्याकडं बघत होती, चेहरा अगदी शांत. "पाच मिनिटानं फरक पडते का व?"

"नाही पडत, आजी," मोनाली म्हणाली. "एवढं लिहायची गरज नाही."

"पडो का नको पडो," आई म्हणाली. "आता खरंच लिहाचं हाय त पुरं लिह."

मी 'साडेआठ' खोडलं आणि त्याच्या वर बारीक अक्षरात लिहिलं: ए शिफ्टच्या आठवड्यात आठ पंचवीस. कागद तिच्याकडं सरकवला. तिनं पेन उलटसुलट करून बघितलं, आणि सही करायला जागा कुठं सोडली आहे ते विचारलं.